बाँडपट: एकच क्षण निवडायचा असेल तर?

गोदाकाठचा (धागाकर्ता)

रविवारी गंगापूर रोडला मिसळ खाताना आम्हा चौघांत वाद पेटला आणि तर्री संपली तरी तो संपला नाही, म्हणून इथे आणतोय. प्रश्न साधा आहे. १९६२ पासून २०२१ पर्यंतच्या मुख्य मालिकेतल्या पंचवीस बाँडपटांतला सर्वोत्तम क्षण कोणता? अख्खा चित्रपट नको. नट कोण भारी, कॉनरी की मूर की क्रेग, हेही नको, त्यावर इथे आधीच तीन धागे आहेत. फक्त एक क्षण सांगा आणि तो का, ते सांगा.

माझा क्षण: १९७७ चा 'द स्पाय हू लव्ह्ड मी', सुरुवातीची स्कीवरची उडी.

आमच्या पंचवटीतल्या वाड्यात तेव्हा रात्रभरासाठी व्हीसीआर भाड्याने आणायचे. वर्गणी काढून तीन कॅसेट, चौकात सतरंज्या, पायऱ्यांवर बायका, पुढे आम्ही पोरं. बाँड बर्फावरून सुसाट निघालाय, मागे बंदुका घेऊन माणसं, संगीत जोरात. मग कडा येतो आणि तो थेट हवेत जातो. संगीत बंद. काहीच आवाज नाही. स्की पायांतून सुटून खाली जातात, माणूस पडतोय, पडतोय, पडतोच आहे. आमच्या वाड्यातले एक काका उठले. त्यांना वाटलं आवाज गेला, व्हीसीआरचं हेड खराब झालं. हेड पुसायला त्यांनी खिशातून कोरी नोटसुद्धा काढली. ते टीव्हीपाशी पोचेपर्यंत पॅराशूट उघडलं, त्यावर ब्रिटनचा झेंडा, आणि बाँडची ती धून. अख्खा वाडा ओरडला. काका तिथेच, टीव्हीशेजारी, हातात नोट धरून उभे राहिले.

पुढे कळलं की उडी खरी होती. रिक सिल्व्हेस्टर नावाच्या माणसाने कॅनडातल्या बॅफिन बेटावर, अ‍ॅसगार्ड डोंगराच्या माथ्यावरून मारलेली. चित्रण करणाऱ्या तुकडीचा प्रमुख जॉन ग्लेन, जो पुढे पाच बाँडपटांचा दिग्दर्शक झाला. कॅमेरे अनेक लावलेले, पण उडी नीट पकडता आली ती एकाच कॅमेऱ्याला. नीट पाहिलंत तर सुटलेली एक स्की पॅराशूटला घासून जाताना दिसते. ती अडकली असती तर माणूस गेला असता.

माझं म्हणणं एवढंच की खऱ्या जिवाची जोखीम पडद्यावर ओळखू येते. आपल्याला तांत्रिक काही कळत नसलं तरी पोटात कळतं. म्हणून हाच क्षण.

सातपूर_शिफ्ट

'कसिनो रोयाल', २००६. रात्रीचा रस्ता, नायिका व्हेस्पर हातपाय बांधलेली मधोमध पडलेली, बाँड गाडी वळवतो आणि अ‍ॅस्टन मार्टिन सात वेळा उलटते. तेव्हा विक्रम म्हणून गिनेसमध्ये नोंद झाली होती.

मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे म्हणून मला त्यामागची गोष्ट जास्त आवडते. आधी रॅम्प लावून गाडी उलटवायचा प्रयत्न केला, ती उलटेचना. बैठक इतकी खाली आणि तोल इतका पक्का. शेवटी गाडीतच हवेच्या दाबावर चालणारी तोफ बसवली, ती जमिनीवर दट्ट्या हाणते आणि गाडी फिरते. चालवणारा अ‍ॅडम कर्ली आत बसूनच होता. चांगली बनवलेली गाडी पडायला नकार देते, याचा मला कामाच्या माणसाला फार आनंद होतो.

ओझरकर काका

गोदाकाठचा, तुझं वाड्याचं वर्णन वाचून मन भरून आलं. पण "खरी जोखीम म्हणूनच श्रेष्ठ" हे मला मान्य नाही. मी ओझरला विमानांच्या कारखान्यात उभी हयात घालवली, म्हणून विमानाचाच दाखला देतो.

'ऑक्टोपसी', १९८३. सुरुवातीलाच बाँड एका इवल्याशा जेटमध्ये बसतो, मागे क्षेपणास्त्र लागतं. समोर हँगर. हँगरचं पलीकडचं दार बंद होत चाललंय. विमान एका दारातून आत शिरतं, आडवं होतं आणि दुसऱ्या दाराच्या फटीतून बाहेर पडतं. क्षेपणास्त्र मात्र आतच राहतं.

आकाशातलं उड्डाण खरं, कॉर्की फोर्नोफ या वैमानिकाचं. पण हँगरच्या आतलं? ते विमान उडत नव्हतं. जुन्या जॅग्वार गाडीचं छत कापून तिच्यावर लोखंडी खांब उभा केला, खांबावर विमान तिरकं बसवलं आणि गाडी हँगरमधून पळवली. गाडी दिसू नये म्हणून मध्ये सामान आणि धावणारी माणसं ठेवली. मी तो प्रसंग कितीतरी वेळा पाहिलाय. हँगरमध्ये काय बसतं आणि काय नाही हे मला रोजच्या कामातून ठाऊक, तरी माझी फसवणूक झाली. त्या कारागिरीला मी सलाम करतो.

आणि आपण नाशिककरांनी तरी युक्तीला कमी लेखू नये. दादासाहेब फाळके त्र्यंबकचे. जादूचे प्रयोग करणारा माणूस. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' झाल्यावर बिऱ्हाड नाशिकला आणून त्यांनी पुढची चित्रं इथेच केली. 'कालिया मर्दन' मध्ये त्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आणि नागाशी झुंजली. लोकांनी हात जोडले ते युक्ती पाहूनच ना? पांडवलेण्याच्या पायथ्याच्या स्मारकात गेलो की मला हे दरवेळी आठवतं.

नाशिकरोडची

काका, हँगरबद्दल पूर्ण सहमत. पण 'ऑक्टोपसी'चं नाव निघालंय तर एक बोलते. तो चित्रपट उदयपूरला पोचला की मला त्रास होतो. रिक्षाचा पाठलाग चालू आहे आणि रस्त्यात काय, तर खिळ्यांची शय्या, तलवार गिळणारा, निखाऱ्यांवर चालणारा, सगळे एकाच बाजारात. १९८३ मधल्या भारतातल्या बाजारात भाजीवाले नव्हते का? विजय अमृतराज टेनिसची रॅकेट फिरवतो आणि गर्दी सामना बघितल्यासारखी माना हलवते. लहानपणी मी हसले होते. आता माझ्या मुलीसोबत पाहिला तेव्हा ती विचारत होती, "आई, इथे सगळे असेच राहायचे का?" तिला समजावताना मला जड गेलं.

कबीर बेदींचा गोविंदा मात्र मी कधीच विसरणार नाही. बाँड फासे टाकून जिंकतो, आणि गोविंदा एक शब्द न बोलता तेच फासे मुठीत दाबून भुगा करतो. एका हाताच्या हालचालीत अख्खं पात्र उभं राहतं.

माझा क्षण नंतर लिहिते, कुकर लावलाय.

सराफबाजार

घरची पेढी सोन्याची, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलंच. 'गोल्डफिंगर', १९६४. पण लोक ज्याचं नाव घेतात तो लेझरचा प्रसंग नव्हे.

तो उत्तम आहेच. मूळ कादंबरीत तिथे गोल फिरणारी करवत आहे, चित्रपटात लेझर आणला, आणि १९६४ मध्ये लेझर म्हणजे काय हे किती प्रेक्षकांना ठाऊक असणार! किरण नंतर फिल्मवर चढवला, पण टेबल खरंच कापलं जात होतं. खाली एक माणूस गॅसची ज्योत घेऊन बसला होता आणि ती कॉनरीच्या पायांमधून वर सरकत होती. कॉनरीच्या कपाळावरचा घाम मला तरी अभिनयाचा वाटत नाही.

माझा क्षण त्यानंतरचा. गोल्डफिंगरच्या घोड्यांच्या फार्मवर बाँड आणि तो सरबताचे पेले घेऊन बसलेत. बाँड हिशेब मांडतो की फोर्ट नॉक्समधलं सोनं १०,५०० टन, ते ६० माणसांनी २०० ट्रकांत भरायचं तर बारा दिवस लागतील, तुला तेवढा वेळ कोण देईल? गोल्डफिंगर शांतपणे ऐकतो. आणि मग बाँडच्या डोक्यात प्रकाश पडतो की याला सोनं न्यायचंच नाही. ते किरणोत्सर्गाने निकामी करायचं, म्हणजे याच्याकडे आहे त्या सोन्याचा भाव चढेल.

दहा-बारा वर्षांचा असताना मी हे वडिलांशेजारी बसून पाहिलं. वडील पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "हा खरा व्यापारी." चोराला माल हवा असतो आणि व्यापाऱ्याला भाव, हे मला त्या रात्री कळलं. दोन माणसं खुर्चीत बसून बोलतात आणि अख्ख्या गोष्टीची दिशा फिरते. बाँडपटात असं फार कमी वेळा घडलं.

एक गैरसमज दूर करतो, कारण गिऱ्हाइकंही मला विचारतात. या चित्रपटात एका मुलीला अंगभर सोन्याचा रंग फासून मारलेलं दाखवलंय, ती भूमिका शर्ली ईटनची. अंगाला सोन्याचा रंग फासल्याने त्वचेचा श्वास कोंडून माणूस मरत नाही. आपण श्वास नाकातोंडाने घेतो. शर्ली ईटन त्या प्रसंगानंतर उत्तम जगली.

कातळवेडा

गोदाकाठचा दादा, तुमच्या रिक सिल्व्हेस्टरला मी पुन्हा आणतो. १९८१, 'फॉर युवर आइज ओन्ली', ग्रीसमधलं मेटेओरा. कड्याच्या टोकावर मठ, बाँड एकटा चढतोय. वरचा पहारेकरी त्याला लाथ मारून पाडतो आणि तो दोरावर खाली जाऊन झटक्याने लोंबकळतो. ते पडणंही सिल्व्हेस्टरचंच. असा झटका पाठीचा कणा मोडू शकतो. म्हणून स्पेशल इफेक्ट्स सांभाळणाऱ्या डेरेक मेडिंग्जने दोराचं वरचं टोक वाळूच्या पिशव्यांच्या घसरपट्टीला जोडलं होतं, झटका एकदम न बसता ओढला जावा म्हणून.

पण माझा क्षण पडण्याचा नाही, त्यानंतरचा. पहारेकरी वरून एकेक पिटॉन, म्हणजे दोर अडकवायला कातळात ठोकलेली मेख, हातोडीने ठोकून काढतोय. प्रत्येक पिटॉन निघाला की बाँड आणखी खाली येतो. तो काय करतो? बुटांच्या नाड्या सोडतो. त्या दोराला गुंडाळून प्रुसिकच्या गाठी मारतो आणि त्यांच्यावर भार देत इंच इंच वर सरकतो. ज्याने सह्याद्रीत दोर हाताळलाय त्याला विचारा. प्रुसिक ही खरी गाठ आहे. भार आला की आवळते, भार काढला की सरकते. आम्ही नवीन पोरांना शिकवतो त्यात ही असतेच.

हरिहर गडाच्या त्या उभ्या पायऱ्यांवर पावसात अडकलो होतो एकदा. पुढे एक काकू थिजून बसलेल्या, मागे रांग. तेव्हा समजलं की उंचीवर शौर्य वगैरे काही नसतं, हात आता कुठे ठेवायचा एवढंच असतं. रॉजर मूरच्या चेहऱ्यावर त्या प्रसंगात नेमकं तेच आहे. एकही विनोद नाही, भुवई वर नाही. पार्श्वसंगीतही जवळपास नाही, वारा आणि हातोडीचे ठोके.

चित्रीकरण नको म्हणून तिथल्या साधूंनी मठांवर कपडे वाळत घातले आणि फलक टांगले होते. मला त्यांचंही पटतं. आपल्या गडांवर ड्रोन घेऊन येणाऱ्यांचं काय करायचं, हा प्रश्न आमच्यापुढे आहेच.

सातपूर_शिफ्ट

कातळवेडा, 'गोल्डनआय'ची धरणावरची उडी राहिली की. १९९५, स्वित्झर्लंडमधलं व्हेर्झास्का धरण, उंची २२० मीटर, वेन मायकल्सने मारलेली. काँक्रीटची भिंत सरळ खाली जाते.

कातळवेडा

राहिली नाही, दुसऱ्या क्रमांकावर ठेवली. आपलं गंगापूर धरण मातीचं, उतरणीचं, त्यामुळे मला लहानपणी धरणावरून उडी म्हणजे काय हेच समजेना. बाबांनी व्हेर्झास्काचा फोटो दाखवला तेव्हा कळलं.

नाशिकरोडची

झालं घरचं. आता लिहिते.

तुमच्या सगळ्या क्षणांत एक गोष्ट सारखी आहे. बाँडला माहीत आहे काय करायचं. उडी मारायची, नाडी सोडायची, हिशेब लावायचा. मला तो क्षण हवा ज्यात त्याच्याकडे काहीच उरलेलं नाही.

१९६९, 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'. जॉर्ज लेझनबीचा एकमेव. खलनायक ब्लोफेल्डच्या डोंगरावरच्या अड्ड्यातून बाँड निसटून खाली गावात आलाय. नाताळची जत्रा. दिवे, गाणी, गर्दी, आणि त्या गर्दीत त्याला शोधणारे लोक. तो घाबरलेला आहे. साधा, आपल्यासारखा घाबरलेला. अस्वलाचा पोशाख घातलेला कुणी समोर येतो तर दचकतो. शेवटी बर्फावर स्केटिंग चाललंय तिथे कोट वर ओढून, मान खाली घालून बसून राहतो. बंदूक नाही, यंत्र नाही, सुटकेची युक्ती नाही.

त्याच्या खाली घातलेल्या नजरेसमोर दोन स्केट येऊन थांबतात. तो हळूहळू वर बघतो. ट्रेसी.

बस एवढंच. डायना रिगची ट्रेसी समोर उभी आहे आणि तिला काही विचारावं लागत नाही, ती बघूनच ओळखते. तिथून पुढे गाडी ती चालवते. पाठलागात, बर्फावरच्या शर्यतीत घुसून, सगळं तीच. बाँड शेजारी बसलाय आणि तिच्याकडे बघतोय. पंचवीस चित्रपटांत इतक्या बायका त्याने वाचवल्या. त्याला असं कुणी शोधत आलं आणि वाचवलं, ते मला इथेच दिसलं.

मी हा पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझं बाळंतपण नुकतं झालं होतं. रात्री दोन-दोन तास जागी, कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. नवरा रात्रपाळीला. एका रात्री थोरली बहीण न सांगता देवळालीहून आली. दारात उभी राहिली, काही विचारलं नाही, बाळ उचललं आणि म्हणाली झोप. ते दोन स्केट दिसले की मला तिच्या चपला दिसतात. म्हणून माझ्यासाठी हाच सर्वोत्तम क्षण आहे आणि मी तो बदलणार नाही.

गोदाकाठचा

ताई, हा प्रतिसाद दोनदा वाचला. मी तो चित्रपट पाहिलाय, पण शेवट सोडून काहीच लक्षात नव्हतं. स्केटचा प्रसंग आठवतच नव्हता याचं आता वाईट वाटतंय.

ओझरकर काका

नाशिकरोडची, उदयपूरबद्दलचं तुझं म्हणणंही पटलं. तेव्हा आम्हाला आपला देश बाँडपटात दिसतोय याचाच आनंद इतका होता की बाकी काही पाहिलं नाही. नातीला दाखवताना आता मीही आधी चार शब्द सांगीन.

द्राक्षमळा

उशिरा आलो. गोडी छाटणी चालू आहे, दिवसभर मजुरांमागे.

छाटणीवरूनच आठवलं. २०२१ चा 'नो टाइम टू डाय' देशात ३० सप्टेंबरला लागला, पण महाराष्ट्रातली थिएटरं कोविडमुळे २२ ऑक्टोबरपर्यंत बंद होती. तीन आठवडे मी मोबाईल सांभाळून बघत होतो. तरी एका नातेवाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर शेवट पाठवलाच. मी बागेत कात्री घेऊन उभा होतो, हात थांबला. लहानपणापासून बघितलेला माणूस गेला, ही बातमी मला वेलीखाली उभं राहून कळली.

थिएटर उघडल्यावर पहिल्या दिवशी पिंपळगावहून गाडी काढून आलो. शेवट माहीत असल्यामुळे की काय, मला सुरुवातच लागली. इटलीतलं मातेरा, चौकात बाँडची जुनी अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५, चारी बाजूंनी गोळ्या. काच बुलेटप्रूफ आहे पण तडकत चाललीये. शेजारी मॅडेलिन ओरडतेय, काहीतरी कर. आणि तो काहीच करत नाही. स्टिअरिंगपाशी बसून राहतो. त्याला वाटतंय हिने दगा दिला, आणि मग जगलं काय, मेलं काय. दिवे बाजूला होऊन मशीनगन बाहेर येतात तो भाग सगळ्यांना आवडतो, मलाही. पण त्याआधीचं ते बसून राहणं! एका वर्षी अवकाळीने घड झडले तेव्हा मी बांधावर असाच बसलो होतो. बायको हाका मारत होती, ऐकू येत होत्या, पण उठवत नव्हतं.

ताईंनी लिहिलं तसंच आहे ना हे? त्याच्याकडे काही उरलेलं नाही.

नाशिकरोडची

हो दादा. अगदी तेच. फक्त इथे तो स्वतःच्या मनाने एकटा पडलाय, शेजारी माणूस असून.

सराफबाजार

१९६३ च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' मधली आगगाडीच्या डब्यातली मारामारी कुणीच घेतली नाही याचं आश्चर्य वाटतं. कॉनरी आणि रॉबर्ट शॉ यांनी बरीचशी स्वतः केलेली. दिवा फुटतो, निळा उजेड, अरुंद जागा, संगीत नाही. संकलक पीटर हंट. त्यानेच पुढे ताईंचा १९६९ चा दिग्दर्शित केला. माझं मत बदलत नाही, पण नोंद असावी.

कॉलेजरोड२२

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. इंजिनीअरिंगला आहे. मी फक्त क्रेगचे पाच पाहिलेत. माझा क्षण 'कसिनो रोयाल' मधला. जिन्यातल्या मारामारीनंतर व्हेस्पर कपड्यांसकट शॉवरखाली बसलेली असते, हाताला लागलेलं रक्त जात नाही असं तिला वाटतं. बाँड येतो, ओला होत शेजारी बसतो. पाणी गरम करतो. मला वाटायचं की असं फक्त नवीन बाँडपटांतच आहे, जुने म्हणजे नुसती यंत्रं आणि विनोद. हा धागा वाचून तसं वाटत नाही. १९६९ चा आधी बघू की १९७७ चा?

नाशिकरोडची

१९६९. एकटा बघ, मोबाईल बाजूला ठेवून. शेवट कुणी सांगितला नसेल तर विचारू नकोस.

ओझरकर काका

सुरुवातीची वीस मिनिटं लेझनबी नवखा वाटेल. धीर धर बाळा.

कॉलेजरोड२२

रात्रीचे पावणेदोन झालेत. पाहिला. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी हा प्रतिसाद इथेच सोडावा.

स्केट आले तेव्हा मी उठून बसलो. ताई, तुम्ही आधी लिहिलं असूनही.

मला वाटलं लग्न झालं, संपला. गाडी फुलांनी सजवलेली, ती फुलं काढायला तो रस्त्याकडेला थांबतो. मग दुसरी गाडी, गोळ्या, आणि तो परत आत बसून म्हणतो की ब्लोफेल्ड होता, आणि बाजूला बघतो. पोलीस येऊन विचारतो तर तो सांगतो की काही नाही, ती जरा विश्रांती घेतेय, घाई नाही, आमच्याकडे सगळा वेळ आहे. शेवटी पडद्यावर फक्त तडकलेली काच आणि गोळीचं भोक.

नंतर शोधून वाचलं. लेझनबीने सांगितलंय की पहिल्या वेळी त्याला खरंच रडू आलं होतं, आणि पीटर हंट म्हणाला बाँड रडत नाही, पुन्हा कर. आपण पाहतो ते न रडलेलं आहे.

यातलं लुई आर्मस्ट्राँगचं 'वी हॅव ऑल द टाइम इन द वर्ल्ड', म्हणजे आपल्याकडे सगळा वेळ आहे, हे गाणं मी २०२१ च्या चित्रपटाच्या शेवटी ऐकलं होतं. तेव्हा वाटलं छान जुनं गाणं लावलंय. दिवे लागले, मी उठून पार्किंगकडे निघालो होतो.

आत्ता तोच पुन्हा लावलाय. सुरुवातीलाच मातेराकडे जाताना मॅडेलिन म्हणते जोरात चालव, आणि बाँड तिला तेच वाक्य म्हणतो, की आपल्याकडे सगळा वेळ आहे. द्राक्षमळा दादांच्या त्या काचेला अजून बराच अवकाश आहे. मी इथेच थांबवून ठेवलाय.